जहाजाआधीचा मुक्काम

हल्ली आमच्या गोव्यातली माणसेही क्रूझवर जाऊ लागली आहेत. मुंबईहून जहाज सुटायचे असले की घरात पहिली चर्चा होते ती आदल्या रात्रीची. राहायचे कुठे? बंदराजवळ की स्टेशनजवळ? स्वस्तातले बघायचे की आयुष्यात एकदाच जातोय म्हणून जरा बरे घ्यायचे? त्याच दिवशी सकाळच्या गाडीने उतरून थेट धक्का गाठावा, असे घरातला एखादा धाडसी सुचवतो आणि बाकीचे सगळे त्याच्यावर तुटून पडतात. गाडी चुकली तर दुसरी मिळते, जहाज थांबत नाही, हे आम्हा गोवेकरांच्या रक्तातच आहे म्हणा ना.

या प्रश्नाचा इतिहास शोधायला लागलो तर मी जाऊन पोचलो समुद्रापासून कित्येक कोस आत, सातपुड्याच्या पायथ्याला, बऱ्हाणपुरात. वाचकांपैकी काहींना हे विचित्र वाटेल. मडगावहून दिल्लीकडे जाणारी मंगला एक्स्प्रेस भुसावळ सोडल्यावर बऱ्हाणपूरवरूनच जाते, पण खिडकीतून केळीच्या बागांपलीकडे काही दिसत नाही आणि समुद्राची आठवण व्हावी असे तर काहीच नाही. पण नकाशा उघडा. बऱ्हाणपूर तापीच्या काठावर आहे, आणि ही तापी पुढे सुरतेजवळ समुद्राला मिळते. सोळाव्या-सतराव्या शतकात हिंदुस्थानातून मक्केला, मोख्याला, बसऱ्याला किंवा युरोपात जायचे तर मोगलांच्या मुलखातले मोठे बंदर सुरत. आग्र्याहून माळव्यातून खाली येणारा रस्ता बऱ्हाणपुराशी दख्खनच्या रस्त्याला मिळे, आणि तिथून रावेर, चोपडा, नंदुरबार, नवापूर, व्यारा असा खानदेशातून सुरतेला उतरे. बैलगाड्यांचा तांडा असला तर साधारण पंधरवड्याची वाट. म्हणजे उत्तरेतून जहाजावर जाणाऱ्याला समुद्राआधीचे शेवटचे मोठे शहर भेटायचे ते हे. इथे गाड्या दुरुस्त व्हायच्या, बैल बदलायचे, हुंड्या वटवायच्या, सोबत शोधायची आणि मग पुढे निघायचे. समुद्रावरून आलेल्याचेही तसेच, फक्त उलट्या दिशेने.

शहर फारुकी सुलतानांचे. नासिरखान फारुकीने ते चौदाशेच्या सुमारास वसवले आणि नाव दिले खुलताबादच्या बुऱ्हानुद्दीन गरीब या सूफी संताचे. 1601 मध्ये अकबराने जवळचा असिरगड घेतला आणि खानदेश मोगलांकडे गेला. त्यानंतर दख्खनची सगळी मोहीम इथून चाले. मुमताजमहल इथेच 1631 साली बाळंतपणात वारली, ही गोष्ट बऱ्हाणपूरबद्दल लिहिणारा प्रत्येक जण सांगतो, म्हणून मी ती इथेच सोडतो. मला सांगायचे आहे ते सराईबद्दल.

1615 च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो सुरतेहून जहांगीराच्या भेटीला अजमेरला निघाला होता, तो वाटेत बऱ्हाणपूरला थांबला. शहराचा कोतवाल निशाणे मिरवत त्याला सामोरा गेला आणि त्याच्यासाठी ठरवलेल्या सराईच्या दरवाजापर्यंत सोडून परतला. दरवाजा दगडी आणि देखणा. रोसाहेब खूश. आत गेला तर त्याला दिलेल्या चार खोल्या म्हणजे भिंतीतच बांधलेल्या विटांच्या चार भट्ट्या! वरून गोल, आकारानेही भट्टीएवढ्याच. साहेबाचा पारा चढला. त्याने कोतवालाकडे तक्रार केली. उत्तर मिळाले की गावात याहून बरी जागा नाही, शहजाद्याचा वाडा, खानाचा वाडा आणि दोनचार घरे सोडली तर बाकी सगळी मातीची. शेवटी साहेबाने स्वतःचे तंबू ठोकले आणि त्यात राहिला.

मी सरकारी नोकर आहे, त्यामुळे हा प्रसंग वाचून मला हसू आवरले नाही. दौऱ्यावर आलेल्या वरच्या साहेबाला विश्रामगृहातली खोली पसंत न पडणे आणि स्थानिक कारकुनाने हात जोडून ‘साहेब, याच्याहून चांगली नाही’ म्हणणे, हे चारशे वर्षांत काडीइतकेही बदललेले नाही. फरक इतकाच की आमचे साहेब तंबू घेऊन येत नाहीत.

रोची बाकीची बऱ्हाणपूरकथाही मजेशीर आहे. तिथे शहजादा परवेझ नावाला सुभेदार होता, खरा कारभार खानखानान अब्दुर्रहीम बघत असे. रोने शहजाद्याला ज्या भेटी दिल्या त्यात दारूच्या बाटल्यांची एक पेटी होती. शहजादा त्या पेटीच्या इतका नादी लागला की पुढची भेट द्यायच्या अवस्थेतच राहिला नाही. रो स्वतः तापाने आजारी पडला आणि तसाच, पालखीतून, पुढे निघाला. त्याच्या तब्येतीला तंबू तरी मानवला की नाही कोण जाणे.

पण त्या खोल्यांबद्दल रोने जे लिहिले त्यावरून सराई वाईट होती असे ठरवणे बरोबर नाही. खोली लहान का होती? मुळात सराई ही राहण्यासाठी नव्हे, निजण्यासाठी होती. दिवसभर माणूस चौकात, विहिरीवर, आपल्या जनावरांपाशी. रात्री सामान आत ओढायचे, दारासमोर चूल पेटवायची, जेवायचे आणि त्या सामानाला टेकून पडायचे. जाड भिंत आणि गोल छत उन्हाळ्यात गार राहते, आग लागली तर शेजारच्या खोलीला पोचत नाही. गावातली गवती छपरे दर उन्हाळ्यात पेटत असताना ही काही लहान गोष्ट नव्हती. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे आत-बाहेर करायला एकच दरवाजा.

त्या दरवाजाबद्दल निकोलाव मनुचीने छान लिहिले आहे. हा व्हेनिसचा पोरगा 1656 मध्ये सुरतेला उतरला आणि बऱ्हाणपूरवरूनच आग्र्याकडे गेला. गोव्याच्या वाचकांना तो ओळखीचा असेल. 1683 मध्ये संभाजीमहाराजांनी गोव्यावर स्वारी केली तेव्हा हा मनुची गोव्यातच होता आणि विजरईने त्याला बोलणी करायला महाराजांकडे पाठवले होते. तर तो सांगतो की सराईचा दरवाजा संध्याकाळी बंद होई. सकाळी उघडण्याआधी पहारेकरी तीनदा मोठ्याने ओरडून प्रत्येकाला आपापले सामान तपासायला सांगे. कोणाचे काही हरवले आहे असे कळले तर वस्तू सापडेपर्यंत दरवाजा उघडत नसे. सगळे आत अडकून. आजच्या कुठल्या हॉटेलात ही सोय आहे सांगा! खोलीतल्या मौल्यवान वस्तूंची जबाबदारी व्यवस्थापनावर नाही, अशी पाटी मात्र सगळीकडे दिसते.

फ्रेंच जवाहिऱ्या टॅव्हर्निये 1641 मध्ये बऱ्हाणपुरात होता. शहर बरेच मोडकळीला आले आहे असे त्याने म्हटले, पण इथली झिरझिरीत मलमल इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जाते हेही नोंदवले. त्याने रस्त्यावरच्या साध्या सराईंचेही वर्णन केले आहे. कुंपणाच्या आत पन्नास-साठ गवती झोपड्या, तिथेच राहणारी काही बायका-माणसे पीठ, तांदूळ, लोणी, भाजी विकणार, भाकरी भाजून देणार, भात शिजवून देणार. कोणी आला की खोपटे झाडून पट्ट्यांनी विणलेली एक खाट आत टाकणार, त्यावर आपले अंथरूण आपण पसरायचे. या लोकांना उत्तरेत भटियारे म्हणत. पाहुणा कुठला, जातीचा कोण, हे विचारायचे त्यांना कारण नव्हते. ज्याला त्यांच्या हातचे चालत नसे तो आपला शिधा आपण शिजवून खाई.

आता खानखानान रहीमकडे येतो, कारण त्याच्याशिवाय बऱ्हाणपूरच्या सराईची गोष्ट पुरी होत नाही. आपल्याकडे रहीम म्हणजे शाळेच्या हिंदी पुस्तकातले दोहे. पण या माणसाच्या आयुष्याचा मोठा भाग बऱ्हाणपुरात, दख्खनच्या सुभ्यावर गेला. त्याच्या नावाशी इथे सराई जोडलेली आहे, हमामखाना जोडलेला आहे आणि सगळ्यात अजब म्हणजे कुंडी भंडारा. सातपुड्याच्या उतारावर मुरणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून, शंभराच्या आसपास कुंड्यांच्या माळेतून, नुसत्या उताराच्या जोरावर शहराकडे आणायचे, ही इराणी पद्धत. तबक्तुल अर्झ नावाच्या जाणकाराच्या देखरेखीखाली 1615 च्या सुमारास हे काम झाले, म्हणजे रो ज्या वर्षी भट्टीसारख्या खोल्यांबद्दल कुरकुरत होता त्याच वर्षी. पाणी जाळी करंजपर्यंत येई आणि तिथून शहरात वाटले जाई. आमच्या नेत्रावळी-रिवणकडे डोंगरातून पाट काढलेले ज्यांनी बघितले आहेत त्यांना उताराच्या पाण्याचे शहाणपण सांगायला नको, पण हे सगळे जमिनीच्या पोटातून! तांडा येऊन उतरला की शेकडो माणसे आणि त्याहून जास्त जनावरे. पाण्याशिवाय सराई चालत नाही, हे बांधणाऱ्याला पक्के ठाऊक असणार.

पण माझे लक्ष वेधले ते आणखी एका गोष्टीने. रहीमच्या आश्रयाला असलेल्या अब्दुल बाकी निहावंदीने लिहिलेल्या ‘मआसिर-ए-रहीमी’ या चरित्रग्रंथात त्याच्या जहाजांची नोंद येते, रहीमी, करीमी आणि सालारी. ही जहाजे मक्केच्या यात्रेकरूंसाठी होती. म्हणजे वाटेतला मुक्काम बांधणारा आणि बंदरातले जहाज पाठवणारा माणूस एकच! मला हे वाचून क्षणभर थांबावे लागले. आणि मग रहीमच्या बापाची आठवण झाली.

बैरामखान हा अकबराचा पालक आणि सेनापती. दरबारातून पदच्युत झाल्यावर त्याला मक्केला जाण्याची परवानगी मिळाली. बंदराकडे जाता जाता तो गुजरातेत पाटणला थांबला. 1561 च्या जानेवारीत सहस्रलिंग तलावात नौकाविहार करून तो काठावर उतरत असताना, भेटायला आल्याचा बहाणा करून एका अफगाणाने त्याला भोसकले. जुन्या लढाईत बाप मारला गेल्याचा सूड होता तो. त्यानंतर मुक्काम लुटला गेला. त्या मुक्कामात चार वर्षांचा रहीम होता. काही निष्ठावंत माणसांनी त्याला कसेबसे अहमदाबादला पोचवले.

जहाजाआधीच्या मुक्कामावर ज्याचा बाप मारला गेला, तो मोठेपणी जहाजाआधीच्या वाटेवर भक्कम भिंतींची, एका दरवाजाची सराई बांधतो आणि यात्रेकरूंसाठी जहाजे ठेवतो. यातला दुवा कुठल्या बखरीत लिहिलेला नाही. सराया, विहिरी, जहाजे हा त्या काळच्या सगळ्याच अमीरांचा दानधर्म होता, असे इतिहासकार म्हणतील आणि त्यांचे चूक नाही. तरी मला राहून राहून वाटते की बऱ्हाणपूरच्या सराईचा दरवाजा संध्याकाळी बंद होताना रहीमला पाटणचा तलाव आठवत असेल.

वाट सुरक्षित केली तरी पुढे समुद्र होता, आणि समुद्रावर आमचे गोवे बसले होते. गोवे म्हणजे अर्थात गोव्याचे पोर्तुगीज सरकार. अरबी समुद्रात जहाज हाकायचे तर त्यांचा परवाना, कार्ताझ, जवळ हवा. नसेल तर जहाज जप्त. अकबराची आत्या गुलबदन बेगम 1575 च्या ऑक्टोबरात फत्तेपूर सिक्रीहून हजला निघाली आणि सुरतेला जवळजवळ वर्षभर अडकून पडली, कारण परवान्याचा घोळ मिटेना. बादशहाची आत्या! जहाज सुटले 1576 मध्ये. जहाजाआधीची एक रात्र कुठे काढायची याची आपण चिंता करतो, तिने वर्ष काढले. शिवाय त्या परवान्यावर मेरी आणि येशू यांच्या प्रतिमा असत, म्हणून असा कागद खिशात घालून हजला जावे का यावर दरबारातले मुल्ला वाद घालत ते वेगळेच.

आणि परवाना असूनही भरवसा नव्हता. 1613 मध्ये जहांगीराच्या आईचे ‘रहीमी’ नावाचे मोठे जहाज (खानखानानच्या रहीमीशी याची गल्लत नको) सुरतेजवळ पोर्तुगिजांनी कार्ताझ असतानाही पकडले आणि शेकडो उतारूंसकट गोव्याला आणले. जहांगीर संतापला, दमणला वेढा पडला, जेजुइटांची देवळे बंद झाली. गोव्याच्या इतिहासात आपण शाळेत जे शिकलो त्यात मांडवीत आणून उभ्या केलेल्या या यात्रेकरूंचा उल्लेख कुठेच नव्हता. दोन वर्षांनी थॉमस रो सुरतेला उतरला तेव्हा दरबारात पोर्तुगिजांवरचा हा राग इंग्रजांच्या पथ्यावरच पडला.

वाटेवर मुक्काम कुठे करायचा, या निवडीला तेव्हा आणखी एक बाजू होती. शहराच्या तटाच्या आत की बाहेर? बाहेर मोकळी हवा, बाग, जनावरांना जागा, आणि संध्याकाळी उशीर झाला तरी वेशीवर अडकायची भीती नाही. 1681 च्या सुरुवातीला मराठी फौज बऱ्हाणपुरावर आली तेव्हा तटाबाहेरची श्रीमंत पेठ बहादूरपुरा तीन दिवस लुटली गेली, तटाच्या आतले शहर मात्र वाचले. बाहेर उतरलेला पाहुणा आणि आत उतरलेला पाहुणा यांच्या नशिबात त्या आठवड्यात केवढे अंतर पडले असेल! आपण मराठी माणसे ही स्वारी अभिमानाने वाचतो, मीही वाचतो. पण त्या पेठेत जहाजाच्या वाटेवरचा एखादा गरीब हाजी किंवा गुमास्ता झोपलेला असणारच. त्यानंतर शहरातल्या मौलवींनी औरंगजेबाला कळवले की आमचे रक्षण होणार नसेल तर आम्ही शुक्रवारच्या नमाजात तुमचे नाव घेणार नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस औरंगजेब स्वतः बऱ्हाणपुरात दाखल झाला.

आणि काही वर्षे अशी की सराई असो वा तंबू, काहीच कामाचे नाही. 1630 मध्ये पीटर मंडी हा इंग्रज सुरतेहून याच वाटेने बऱ्हाणपूरला आला तेव्हा दुष्काळ पडला होता. नंदुरबारकडे वाटेवर इतकी प्रेते होती की लहानसा तंबू ठोकायला जागा मिळणे मुश्कील झाले, असे त्याने लिहून ठेवले आहे.

आम्हा गोवेकरांना जहाजाआधीचा मुक्काम म्हटले की सराई आठवत नाही, कूड आठवते. मुंबईत धोबीतलावला, डोंगरीला, माझगावला गोव्याच्या गावागावांच्या कुडी होत्या. जेर महाल इमारतीत तर एकावर एक मजल्यांनी कुडीच कुडी. तारवटी गावाहून यायचा, आपल्या गावच्या कुडीत ट्रंक ठेवायचा आणि बोटीवर भरती होईपर्यंत तिथे पडून राहायचा. कधी आठवडा, कधी महिने. वर्गणी नाममात्र. संध्याकाळी आल्तारासमोर तेर्स चुकवायचा नाही, दारूदंगा करायचा नाही, आणि कोणाची ट्रंक कोणी उघडायची नाही. मनुचीच्या सराईतला तीनदा ओरडणारा पहारेकरी इथे नव्हता, पण चोरी झाली तर बातमी आगबोटीच्या आधी गावात पोचायची, तो पहारा पुरेसा होता. मात्र एक फरक मला खटकतो. कूड गावची होती, धर्माची होती, पुष्कळदा वाड्याचीही होती. दुसऱ्या गावच्याला तिथे जागा नव्हती. आम्हा हिंदूंना तर गिरगावातल्या नातलगाच्या खोलीत, गॅलरीत वळकटी पसरावी लागे. बऱ्हाणपूरच्या सराईत मात्र बनिया, हाजी, आर्मेनियन, इंग्रज एकाच चौकात उतरत, आपापल्या चुली वेगळ्या मांडत आणि एकाच दरवाजाच्या आत कोंडून घेत. बांधणारा सत्ताधारी होता म्हणून ते जमले, असे म्हणता येईल. पण आजचे सत्ताधारी काय बांधतात तेही आपण बघतोच.

सुरतेचे बंदर मागे पडून मुंबई पुढे आली, आणि 1870 मध्ये मुंबईहून जबलपूरवरून थेट कलकत्त्यापर्यंत रेल्वे जोडली गेली. भुसावळ-खंडवा मार्गावर बऱ्हाणपूरला स्टेशन मिळाले ते शहराबाहेर लालबागेत. पंधरवड्याचा रस्ता एका रात्रीचा झाला आणि बंदराकडे जाणाऱ्याला बऱ्हाणपुरात उतरायचे कारणच उरले नाही. सराईतल्या खोल्यांमध्ये मग वाटसरूंऐवजी संसार आले, जसे देशभरच्या सगळ्या सरायांत आले.

पाहुण्याला उतरवून घेण्याची रीत मात्र शहरातून गेलेली नाही. शहराजवळ दाऊदी बोहरा समाजाचा दर्गा-ए-हकीमी आहे, सैयदी अब्दुलकादिर हकीमुद्दीन यांचा. देशोदेशीचे बोहरे तिथे जियारतीला येतात आणि त्यांच्या राहण्याजेवणाची सोय आवारातच आहे, स्वच्छ, शिस्तीची, पांढऱ्या संगमरवरी घुमटांच्या सावलीत. ती सोय त्यांच्या समाजापुरती आहे, आपल्या कुडीसारखी. इतर कोणी बऱ्हाणपूरला उतरलाच तर त्याने स्टेशनकडचे किंवा बाजारातले एखादे लॉज बघावे, सकाळी कुंडी भंडारा बघावा, मग सराईचा दरवाजा. रोने नावे ठेवली नाहीत अशी सराईतली तेवढी एकच गोष्ट होती.